ताप लिहिलेल्या बायका

१८ नोव्हेंबर १९३५, सोमवार

आज दुपारी सायखेड्याची पाच माणसं माझ्या पायरीवर येऊन बसली. पुढे देवराम. याच्या सुनेच्या अस्थी मी मागच्याच महिन्यात रामकुंडात सोडल्या. विशीही न ओलांडलेली पोर. क्रियेच्या वेळी हा माणूस एक शब्द बोलला नव्हता, आज मात्र बोलायचं ठरवूनच आला होता. पिशवीतून त्यानं एक छापील फॉर्म काढला. मुंबईच्या कुठल्याशा धर्मादाय ट्रस्टचा. खेड्यात बाळंतिणींसाठी दवाखाना आणि शिकलेली नर्स हवी असेल तर अर्ज करावा, ट्रस्ट मदत देईल. जागा गावानं द्यायची, अंगमेहनत गावानं करायची. मुदत एकतीस डिसेंबर.

"भटजीबुवा, तुमीच लिवा," देवराम म्हणाला. "आमी लिवलेलं सायेब लोक वाचत नाय. आन् सायखेड्याची समदी घरं तुमच्या वहीत हायेत. आमच्या पणज्याचं नाव आमाला ठावं नाय, ते तुमाला ठावं."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आम्ही तीर्थोपाध्ये. यजमानांच्या पिढ्या आमच्या वह्यांत असतात. आमच्या घराण्याची तर रीतच अशी की कोण कधी आलं, कुणाची क्रिया केली, माणूस कशानं गेलं, सगळं लिहायचं, कारण विधी त्यावर ठरतो. शिवाय पंचवीस वर्षं पंचवटीतले निम्मे अर्ज माझ्याच हातचे. माझ्या अक्षराची तारीफ खुद्द मामलेदारानं केलेली आहे. मी हो म्हटलं.

दिवाळीला आलेली शैला अजून इथंच आहे. निफाडला सासरी जायचं नाव काढत नाही. राहू दे म्हटलं. घरात भांड्यांचा आवाज असला की मला बरं वाटतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

अर्ज झाला. आठ पानं. आरंभी दानाचं माहात्म्य, मग गोदामाईचं, मग सायखेडा गावचं, मग दात्यांच्या सात पिढ्यांना आशीर्वाद. शेवटी दवाखान्याचा नकाशा स्वतः आखला. दोन दारं काढली. पुढचं सोवळ्यातल्या बायकांसाठी, मागचं बाकी सगळ्यांसाठी. कुणाची अडचण नको.

शैलाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अण्णा, यात बायका कुठे आहेत?"

"अगं, सगळा अर्ज त्यांच्याचसाठी आहे."

ती उठून गेली. हल्ली तिला फार वेळ बसवत नाही. सासरी कामाला जुंपलेली असणार, दुसरं काय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ट्रस्टच्या चिटणिसाचं उत्तर आलं. आठ पानांना सहा ओळी. "आशीर्वाद पोहोचले. आपल्या गावच्या नोंदींप्रमाणे पंधरा वर्षांत बाळंतपणात दोनच स्त्रिया मृत झाल्या आहेत. तापाने मात्र पुष्कळ. तापासाठी क्विनाईन पाठवता येईल. दवाखाना हवा असल्यास मृत स्त्रियांची नावे, वर्ष व खरे कारण कळवावे." वर फॉर्ममधला चौथा प्रश्न तांबड्या शाईनं अधोरेखित केलेला: दवाखान्यात कोणाकोणास प्रवेश असेल? एवढ्या सुंदर नकाशाबद्दल एक शब्द नाही.

यापेक्षा दुसरीच गोष्ट मनातून जात नाही. सकाळी नदीवरून आलो तर चुलीच्या कडेची माती खरवडलेली दिसली. नखांचे चार ओरखडे, स्पष्ट. उंदीर असं खरवडत नाही.

गोदावरी अशीच माती खायची. शैलाच्या वेळी, आणि नंतर त्या दुसऱ्या वेळीही. मी रागावलो की पदरानं तोंड पुसून हसायची. गोदावरी म्हणजे माझी बायको. पंधरा वर्षांपूर्वी तापानं गेली.

काल अमावास्या होती, हे नंतर लक्षात आलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वह्या काढायला माजघरामागची खोली उघडली. ही बाळंतिणीची खोली. गोदावरी गेल्यानंतर बंदच होती, पुढे मी वह्यांचे लाल बस्ते तिथं हलवले. वह्यांची सोबत असेल तर खोली भकास वाटणार नाही असं तेव्हा वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आत गेलं की आजही पाठीला गार लागतं.

सायखेड्याच्या तीन वह्या दुपारभर चाळल्या. कारणाच्या रकान्यात ताप. ताप. नवज्वर. ताप. सगळं माझ्या सुबक अक्षरात.

हे माझंच काम आहे, आणि मी ते विसरलो होतो असंही नाही. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना बाई गेली तर तिचा विधी वेगळा, प्रायश्चित्त वेगळं. विधीचं एक वेळ सोडा, पण गाव काय करतं ते मी पाहिलेलं आहे. अळवंतीण झाली म्हणतात, हडळ झाली म्हणतात. तिच्या तळव्यांत खिळे ठोकतात. स्मशानातून येताना वाटेवर राळे फेकत येतात, तिनं ते वेचत बसावं आणि घरी परतू नये म्हणून. त्या घरच्या मुलींना स्थळं येत नाहीत. म्हणून माझे वडील घरच्यांच्या कानात सांगायचे, "ताप म्हणू या." मीही तेच सांगत आलो. पाटलाच्या रजिस्टरात ताप, माझ्या वहीत ताप, विधी साधा. देवरामच्या सुनेलाही मीच ताप लिहिला. दयाच केली की मी. आणि आता त्या दयेपायी गावाला क्विनाईनच्या गोळ्या मिळणार.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. नावंच नाहीत. "अमक्याची पत्नी", "तमक्याची सून". पुरुषांच्या सात पिढ्या माझ्याकडे आहेत, पण ही पोर कोण होती ते नाही.

आमच्या स्वतःच्या घराण्याची वही तिथंच होती. तिचा बस्ता सोडला नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

देवरामला खरं ते सांगितलं.  तो म्हणाला, "नावं गुलजारबीला इचारा. सायखेडा तिचं माहेर. धा कोसांत अडलेली बाई असली की तिलाच नेत्यात. तिला समद्या ठाव्या."

गुलजारबी नदीपलीकडे गावात राहते. नवरा विणकर होता, आता नाही. तिची माझी ओळखच नाही असं म्हणता येणार नाही. गोदावरीच्या वेळी आळीतल्या बायकांनी परस्पर तिला बोलावलं होतं. आमची नेहमीची बाई त्र्यंबकला लग्नाला गेलेली. पण आमचं घर सोवळ्याचं. गुलजारबीला नारळ देऊन रीतसर परत पाठवलं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

४ डिसेंबर, बुधवार

गुलजारबी आली. साठीची झाली असेल, पण पाठ ताठ. मी काही म्हणायच्या आधी पायरीवर बसली. कुठल्या पायरीवर बसायचं ते तिला ठाऊक होतं.

पाणी विचारावं लागणार, कुठल्या भांड्यातून द्यावं, या विचारात मी होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "पाणी नको, भटजी. रोजे चालू हायेत." मी सुटलो. सुटल्याचा जो आनंद झाला तो इथं लिहून ठेवतो, कारण नंतर त्याची लाज वाटली.

"तुला सायखेड्याच्या बायका आठवतात का?" मी विचारलं.

"इसरायला त्या काय माझ्या सासरच्या हायेत?" ती म्हणाली आणि सांगू लागली. साल तिला येत नाही. रानात काय उभं होतं ते येतं. "यमुना. हरभरा घाट्यावर आलता. पोर आडवं व्हतं, मला उशिरा बोलावलं. भागीरथी. बाजरी सोंगायला आलती. हौसा. तिला दुसऱ्या दिशी रगत थांबंना. तान्हूबाई. खातूनबी, ती माझ्या मामाची ल्येक. माजिदा." शेवटच्या दोघी माझ्या वहीत असणं शक्यच नव्हतं, पण मेल्या त्याच गावात आणि तशाच. मी लिहीत गेलो. तिचं हंगामाचं गणित आणि माझ्या वहीच्या तारखा एकेक करून जुळत गेल्या. जिथं मी ताप लिहिला होता तिथं ती एक बाई उभी करत होती. 

एकतीस झाल्या. एकतिसावी देवरामची सून. तिचं नाव रखमा होतं.

गुलजारबी थांबली, माझ्याकडे पाहत राहिली. मी टाक पुसत बसलो.

जाताना नकाशा तिच्या नजरेस पडला. "ही दोन दारं कशापायी?"

मी सांगितलं.

"पोर यायला एकच दार असतंय, भटजी," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. या बायकांच्या तोंडाला काही धरबंध नसतो. शैला आत खुदकन हसली. पुष्कळ दिवसांनी.

९ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस रोज पहाटे नदीवरून परत येताना न्हाणीतून ओकारीचा आवाज येतो. मी अंगणात पाय ठेवला की थांबतो. गोदावरीला हा त्रास सहा महिने होता. शैलाला विचारलं, "तुला काही ऐकू आलं का?" ती म्हणाली, "नाही, अण्णा." तोंड पांढरंफटक. बिचारीनंही ऐकलं असणार आणि मला घाबरवायचं नाही म्हणून बोलत नसणार.

लहानपणीच्या पाटीच्या लेखण्यांची तिची डबी कोनाड्यात होती. आज बघतो तर रिकामी. गोदावरी पोटुशी असताना लेखण्याही खायची. दार मीच उघडलं. ती खोली उघडली, वह्या उघडल्या, त्या सगळ्याजणींना नावानं हाका मारल्या. मग जिला हाक मारली नाही ती येणारच.

दुपारी मागच्या अंगणात केळीच्या पानावर नैवेद्य ठेवला. दहीभात, चिंचेची चटणी, तिला आवडायचं ते. हात जोडून म्हटलं, माझं काही चुकलं असेल तर माझ्यावर काढ, पोरीवर नको. पोथी वाचायला बसलो. तासाभरानं येऊन पाहिलं तर पान चाटूनपुसून साफ, आणि आपल्याकडे दुमडून ठेवलेलं. कावळा पान दुमडत नाही. गोदावरी असंच दुमडायची. 

भांडी घासणारी सखुबाई जाताना म्हणाली, "भटजी, पोरीला जपा. तिला एकटीला ठिवू नका." म्हणजे तिलाही जाणवलंय.

१२ डिसेंबर, गुरुवार

निफाडहून जावईबापूंचं पत्र. उपेंद्र कचेरीत कारकून आहेत, पत्रही कचेरीचंच वाटतं. कधी पाठवता म्हणून विचारलंय. शैलाला दाखवलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "बरं वाटत नाही म्हणून कळवा, अण्णा." काय होतंय विचारलं तर बोलेना.

मग मी आपलं लिहून टाकलं, "चि. शैलास ताप आहे. उतार पडताच पाठवतो."

१६ डिसेंबर, सोमवार

वहीच्या उताऱ्यांसह कच्ची यादी पाठवली होती, तिचं उत्तर आलं. चिटणिसाचा सूर या वेळी निराळा आहे. यादी वाचून ट्रस्टच्या सभासदांना वाईट वाटलं असं लिहिलंय. पण दोन अडचणी. माझी वही एक सांगते आणि यादी दुसरं, तेव्हा खरं कोणतं, याची सही द्यावी. आणि प्रश्न नऊ मी मोकळा सोडला होता. "अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग लिहावा. मदत जवळ होती का? असल्यास ती का पोहोचली नाही?" मी रखमाचा प्रसंग लिहू शकतो. पण तो ऐकीव. डोळ्यांदेखत घडलेला म्हणे!

 चुलीवर पुन्हा ओरखडे आहेत. मी आता ते सारवत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज मोटारीनं सायखेड्याला जाऊन आलो. सहीच्या पक्क्या यादीत नावं लिहायची तर घरच्यांना विचारायला हवं. पुष्कळजण हो म्हणाले. काही रडले. हौसाच्या म्हाताऱ्यानं माझे हात धरले आणि म्हणाला, मला वाटलं तिचं नाव आता माझ्याबरोबरच जाणार.

फकिरा मात्र अंगावर आला. यमुना त्याची बहीण. "माझ्या पोरीची सोयरीक चाललीय. आमच्या घरात हडळ हाय असं लिवणार का तुमी? तुमीच बोलला व्हता ना, ताप म्हना? तवा शहाणं कोन व्हतं?" लोक जमले.  तेव्हाही शहाणा मीच होतो.

देवरामनं त्याला बाजूला नेलं. परत येऊन मला म्हणाला, "त्याचं सोडा. पर भटजी, तुमी समद्यांच्या घरचं मागताय. आमी देतोय. तुमचं तुमी कदी द्याल?"

त्याला काय माहीत आहे? की गावाला सगळंच माहीत असतं?

परतताना मोटारीत सबंध वाट ठरवत होतो की अर्ज सोडून द्यावा. नाव होईल म्हणून घेतलेलं काम, बदनामी पदरात. खरं लिहिलं तर इतकी वर्षं मी खोटे विधी केले असं माझ्याच सहीनं होईल. कोण यजमान पुन्हा दारात येईल? मेहुणे काय म्हणतील? त्यांनाही मी तापच सांगितला होता.

२८ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. आज अक्षराकडे बघू नये.

काल ईद झाली. आज सकाळी गुलजारबी यादीवर अंगठा द्यायला आली. रोजे संपलेले, म्हणजे आज पाणी विचारणं आलंच. मी उंबऱ्यात घुटमळत होतो, तोवर शैला आतून आमचा नेहमीचा तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुलजारबीनं पेला घेतला, पण प्यायली नाही. शैलाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कितवा, पोरी?"

शैला खाली बसली आणि रडायला लागली. "चौथा लागलाय."

 चूल, लेखण्या, न्हाणी, केळीचं पान, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. माझी पोर माझ्याच घरात डोहाळ्यांनी माती खात होती आणि मी तिला नैवेद्य दाखवत होतो.

"घरी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. सांगितलं की पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून इथंच धाडतील. त्या खोलीत." तिनं बोट केलं. "अण्णा, मी त्या खोलीत जाणार नाही. तुम्ही पुन्हा दार लावाल."

मी म्हणालो, "तुला काय आठवतंय? तू पाच वर्षांची होतीस."

"मी दारापाशीच बसले होते. फटीतून या गुलजारबी दिसत होत्या. यांनी मला फटीतून फुटाणे दिले. आई ओरडली की या बाहेरून सांगायच्या, कुशीवर कर, पाय वर घे. मग तुम्ही आलात आणि आतला दरवाजाही लावलात. आवाज येतो म्हणून."

 गुलजारबीनं पाणी पिऊन पेला विसळला आणि शैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्या दारात, माझ्या पोरीच्या पाठीवरून.

२९ डिसेंबर, रविवार

घराण्याच्या वहीचा बस्ता सोडला. माघ, शके १८४१. माझंच अक्षर. "वेणीमाधव यांची पत्नी. ताप." ते खोडलं. खाली लिहिलं, "गोदावरी. बाळंतपण. मूलही गेले."

मग रामकुंडावर गेलो. तिचा राहिलेला विधी केला. बरोबरीचे चारजण बघत होते. संकल्पात कारण मोठ्यानं उच्चारावं लागतं. उच्चारलं. कुणीतरी पळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

गोदावरी, तू आली नव्हतीस. पंधरा वर्षं तुला घाबरलो आणि तू कधीच आली नव्हतीस. यायला हवं होतंस.

जावईबापूंना नवं पत्र लिहिलं. ताप नाही, आनंदाची बातमी आहे, आणि आधी खोटं लिहिल्याबद्दल क्षमा असावी. मेहुण्यांनाही लिहिलं. ते पत्र लिहायला चार तास लागले.

३१ डिसेंबर, मंगळवार

अर्ज टपालात टाकला. दोन पानं झाली. नकाशात एक दार. यमुनाच्या नावाच्या जागी "एक स्त्री" लिहिलं, फकिराच्या पोरीची सोयरीक होऊ दे. वह्यांवर खोटं मी लिहिलं आणि यादी खरी आहे, अशी सही दिली. प्रश्न नऊचं उत्तर इथं उतरवून ठेवतो.

"माझी पत्नी गोदावरी, वय पंचवीस. सकाळपासून अडली होती. मदत जवळ होती का? होती. गुलजारबी नावाची अनुभवी सुईण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या पायरीवर बसून होती. अंतर बारा पावले. मदत का पोहोचली नाही? दार मी लावले होते."

१४ मार्च १९३६, शनिवार

मंजूर झालं. देवराम पेढे घेऊन आला आणि पेढ्यांची पुडी हातात तशीच धरून उभा राहिला. नर्स दिवाळीनंतर येईल. पाया खणायला गाव उद्यापासूनच लागणार.

माझं म्हणाल तर यजमान निम्मे उरलेत. मेहुण्यांनी माझं पत्र न फोडता परत पाठवलं. आळीत माझ्याशी बोलणारे मोजकेच. त्यातला एक काल म्हणाला, "वेणीमाधवा, तू वहीची अब्रू घालवलीस." मी म्हटलं, वहीची नाही, माझी. हे त्याला पटलं असावं.

मधे निफाडला गेलेली शैला बाळंतपणासाठी परत इथं आली आहे. सासूबाईंना गुलजारबीचं नाव पसंत नव्हतं. उपेंद्र आईसमोर उभे राहिले असं ऐकतो. कचेरीतला माणूस, पण बरा निघाला.

खोलीतल्या वह्या मी माजघरात आणल्या. खिडकीच्या फळ्या काढल्या. सखुबाईनं भिंती सारवल्या. संध्याकाळी अजूनही आत जाताना पाठीला गार लागतं. ते जाईल असं वाटत नाही.

८ जून १९३६, सोमवार

पायरीवर बसून लिहितो आहे.

गुलजारबी सकाळी आल्या. पुढच्या दारानं आत गेल्या, हात धुतले, आणि मला म्हणाल्या, "भटजी, तुमी भाईर." दार त्यांनी आतून लावलं, कडी घातली. उपेंद्र रामाला साकडं घालायला गेलेत. मला काही मंत्र आठवत नाही.

पायरीवर ऊन आलं, गेलं. दगड तापून गार झाला. मधूनमधून शैलाचा आवाज येतो आणि मी उठून दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. आत काय चाललंय ते कळत नाही. कुणी सांगत नाही. दुपार सरत नाही. याच दगडावर ती बाई बसली होती, हाताला काम येत असताना, हे सगळं ऐकत, सबंध दुपार. मी उत्तरात "दुपारपासून दिवेलागणीपर्यंत" असं लिहिलं होतं. किती सहज लिहिलं. तो वेळ केवढा असतो ते आज बसून कळतंय.

शैला ओरडली. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. मला वाटतं

मूल रडलं. एकदा, मग पुन्हा.

कडी निघाली. गुलजारबी दारात उभ्या आहेत, कोपरांपर्यंत हात ओले. म्हणतात, "मुलगी हाय. दोघी बऱ्या हायेत. लिवत काय बसलात, भटजी? आत या."